जुनी जीप घेताय? आधी खाली वाका

संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळा संपला की आमच्याकडे जुन्या जीप घ्यायची लाट येते, आणि पोरं नवीन रंग नि जाड टायर बघूनच टोकन देऊन मोकळी होतात, म्हणून लिहितोय. मीपण एक महिंद्राची एमएम ५४० जीप अशीच घेतली होती, वरून चकाचक, खाली चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, सडलेली. विकणाऱ्याने लांबी (पत्र्याचे खड्डे-भोकं बुजवायची पुट्टी) भरून वर रंग मारलेला. खिशात साधं लोहचुंबक असतं तरी कळलं असतं, लांबीवर ते चिकटतच नाही!

कोकणातली गाडी असेल तर मॅट उचलून फ्लोअर गंजलाय का बघाच, आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे चॅसीला जोडलेत तिथे हातोडीने हळू ठोकून बघा. इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायला लावा, आधीच गरम करून ठेवलं असेल तर समजायचं, थंड असताना नीट सुरू होत नाही ते लपवतायत. फोर व्हील (चारही चाकांना इंजिनचा जोर) टाकून मातीत चालवा, डांबरावर नको, ह्या गाड्यांना सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या नि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतं त्यामुळे गिअर अडकतात. स्टेअरिंगला थोडा प्ले (चाकं न वळता होणारी मोकळी हालचाल) असणारच, जीप आहे ती, त्याचं टेन्शन नको.

पण सगळ्यात महत्त्वाचं कागद. चॅसीवरचा नंबर आरसीशी स्वतः जुळवा, टू व्हीलची फोर व्हील केलेली असेल तर आरसीवर नोंद आहे का विचारा. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी रिन्यू करावी लागते, ती राहिली असेल तर दंड कोण भरणार ते व्यवहाराआधीच बोलून घ्या, मी नव्हतं बोललो.

आपला,
एक जीपवाला, चिपळूण