३८१६५४७२९० : उत्तराबरोबर रीतही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बालपानावर ० ते ९ हे दहाही अंक एकेकदाच वापरून अशी संख्या विचारली होती, की डावीकडचे पहिले दोन अंक घेतले तर २ ने, तीन घेतले तर ३ ने, असे करत दहाही घेतले तर १० ने भाग जावा. छापलेले उत्तर बरोबर आहे आणि ते एकमेव आहे. मात्र ‘संगणकावर शोधा’ ही सूचना पटली नाही. शून्याने सुरू न होणाऱ्या मांडण्या ३२,६५,९२० आहेत खऱ्या, पण विभाज्यतेच्या कसोट्या लावल्या की हाताशी दहाच उरतात.

शेवटी ०, म्हणून पाचवा ५. सम स्थानांवर २, ४, ६, ८. विषम स्थानांवर १, ३, ७, ९. तिसरा अंक विषम, त्यामुळे ४ ने भाग जायला चौथा २ किंवा ६ च हवा. (मुले इथे ‘सम आहे ना, झाले’ म्हणून पुढे जातात आणि फसतात.) पहिल्या तिघांची बेरीज ३ च्या पाढ्यात, पहिल्या सहांचीही, म्हणजे मधल्या तिघांचीही हवी. तिथे २५८ किंवा ६५४ एवढेच बसते. सहावा सम असल्याने ८ साठी सातवा-आठवा मिळून १६, ३२, ७२ किंवा ९६. ही सवलत इथलीच. एरवी शेवटचे तीन अंक पाहावेत, नाहीतर ११६ लाही ८ ने भाग जातो असे वाटेल.

२५८ घेतल्यास पहिले सात अंक १४७२५८९ किंवा ७४१२५८९. ६५४ घेतल्यास आठ पर्याय : १८९६५४३, ९८१६५४३, ७८९६५४३, ९८७६५४३, १८३६५४७, ३८१६५४७, १८९६५४७, ९८१६५४७. आता फक्त ७ ची चाळणी. १००१ म्हणजे ७ × ११ × १३, म्हणून उजवीकडून तीन-तीनचे गट पाडून आलटूनपालटून वजा-अधिक करावे : ५४७ − ८१६ + ३ = −२६६, म्हणजे −(७ × ३८). बाकी नऊ गळतात. ९ ची तपासणी लागतच नाही, कारण १ ते ९ ची बेरीज ४५.

आमच्या सीमाभागात आणखी एक अडचण. कन्नडमध्ये ४७ म्हणजे नलवत्तेळु, चाळीस आधी. मराठीत सत्तेचाळीस, सात आधी. दोन्ही भाषा बोलणारी मुले ‘तीनशे एक्याऐंशी कोटी पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद’ ऐकून कधी ४७ च्या जागी ७४ लिहितात. मग सहावा अंक ७ होतो. ३८१६५७ विषम, ६ ने भाग जाणार कसा! तेव्हा असे कोडे अंकांतच द्यावे, आणि स्वल्पविराम ३,८१,६५,४७,२९० असे आपल्या पद्धतीने.

— काही गणित शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)