थरांमध्ये कागद नव्हता

नाशिक, रविवार

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझा मासा चालला, तो पाण्याखाली ओढून आवाजाच्या प्रतिध्वनीनं तळाचं चित्र काढणारा तुझा सोनार. पूर्ण नाही, उजवी बाजूच. डावी अजून मुकी आहे. पण काल दिंडोरीला मामाच्या शेततळ्याचा तळ लॅपटॉपवर ओळीओळीनं उतरताना पाहिला आणि मी तिथूनच तुझ्या आईला फोन लावला. ती म्हणाली, मला काय सांगता, जिचा आहे तिला सांगा. तुला फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मध्येच "जाऊ द्या हो अण्णा" म्हणाली असतीस. म्हणून हे पत्र.

सातपूरचं मोटारी भरायचं दुकान आवरलं तेव्हा माळ्यावरचं सगळं घरी आलं, त्यात तुझं खोकं निघालं. पीव्हीसी पाइपचा मासा, त्याच्या दोन्ही कुशींना एपॉक्सीत बसवलेल्या, आवाज सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या चकत्यांच्या पट्ट्या, तुझा बोर्ड, वायरींचा गुंता आणि प्रदर्शनातला तक्ता. तक्त्यावर एडगर्टनबद्दल लिहिलेलं होतं. दुधाच्या थेंबाचा उडतानाचा फोटो काढणारा माणूस, आणि १८६२ साली बुडालेली 'मॉनिटर' युद्धनौका १९७३ साली अशाच सोनारनं शोधणाऱ्यांतही तोच. इतकी वर्षं तक्ता माझ्याच डोक्यावर माळ्यात पडलेला, आणि मी तो परवा पहिल्यांदा वाचला.

आता मूळ गोष्ट. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात तुझ्या बोर्डावरचे मॉसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे स्विच, दोनदा जळाले होते. तू रात्री दुकानात आलीस. मी तुला भरून दिलेल्या ट्रान्सफॉर्मरला मल्टिमीटर लावला, दोन्हीकडे कंटिन्युइटी मिळाली, म्हणजे तार कुठं तुटलेली नव्हती, आणि म्हणालो, "माझी वाइंडिंग ओके आहे, तुझ्या बोर्डात फॉल्ट आहे." तू काही बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी बंद मासा टेबलावर ठेवून नुसता तक्ता समजावून आलीस.

ताई, फॉल्ट वाइंडिंगमध्ये होता.

मल्टिमीटरवर शॉर्टेड टर्न, म्हणजे तारेचा एक वेढा दुसऱ्याला आतून चिकटलेला, कळत नाही, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. दीडशे टर्नमधला एक दुसऱ्याला चिकटला तर ओहममध्ये किती फरक पडणार? मोटारीचं आर्मेचर असतं तर मी डोळे झाकून ग्राउलरवर, म्हणजे असे शॉर्ट शोधायच्या यंत्रावर, ठेवलं असतं. तुझं काम बारीक, फेराइटच्या कोअरवर सहा टर्न आत आणि दीडशे बाहेर, बारा व्होल्टचे तीनशे करायचे. म्हणून ते मला खेळणं वाटलं. उन्हाळा होता, दारात जळालेल्या मोटारींची रांग, आणि तुझी बॉबीन, म्हणजे तार गुंडाळायची रिळ, मी रात्री अकराला भरायला घेतली. थरांमध्ये कागद घातला नाही. गिऱ्हाइकाच्या पाच एचपीच्या मोटारीत कागद न घालता मी कधी स्लॉट भरलाय का? तुझ्यात नाही घातला.

परवा त्या ट्रान्सफॉर्मरला विजेची एक छोटी पल्स देऊन स्कोपवर, म्हणजे विजेची लाट दाखवणाऱ्या पडद्यावर, पाहिलं. चांगली कॉइल टोल दिलेल्या घंटेसारखी थोडा वेळ घुमते. हिची लाट उठली आणि तिथंच बसली. टर्न सोडवत गेलो तेव्हा तिसऱ्या थरात, बॉबीनच्या कडेशी एनॅमल खरवडलेलं तांबं चमकलं. तो एक टर्न सगळी ताकद खात होता आणि तुझ्या मॉसफेटना समोर शॉर्टच दिसत होता. जळणार नाहीत तर काय होईल! नवीन भरलं, प्रत्येक थराला कागद घातला. तुझ्या बोर्डला मी हात लावला नाही. पहिल्या फटक्यात चालला.

तळ्यावरची गंमत मात्र तू असायला हवी होतीस. तळं तीस बाय तीस मीटरचं. मासा थर्माकोलला बांधून अर्धा मीटर पाण्याखाली सोडला. एका काठावर मी, समोर मामा, दोघांच्या हातात दोर, आणि मामाचा पोरगा लॅपटॉप घेऊन लिंबाखाली. मामा विहिरीतून पोहरा काढावा तसा ओढायचा. त्याला तीनदा सांगितलं, सावकाश, हे पाणी शेंदणं नाही. वेग बदलला की चित्र ताणलं जातं, हे तुझ्या वहीत होतंच.

आधी मधोमध काळी पट्टी आली. मी म्हटलं, झालं, बिघडलं. मग वही उघडली: मासा तळापासून अडीच मीटर वर, आवाज पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे तळावरून पहिला आवाज परतायला तीन मिलिसेकंदांहून थोडं जास्त. तोवर काळंच दिसणार. त्यापुढं करडा गाळ, आणि शेवटी काठाचा उतार पांढराफटक. तळ्याला अंथरलेला निव्वळ प्लास्टिक कागद असता तर आवाज आरशावरून घसरावा तसा पुढं निघून गेला असता. चार वर्षांचा गाळ बसलाय म्हणून तळ दिसला.

तिसऱ्या फेरीला उजवीकडे एक पांढरा ठिपका आला, त्याच्या मागं लांब काळी सावली. वस्तूपेक्षा सावलीच जास्त सांगते, हे तू तक्त्यावर लाल पेनानं लिहिलं होतंस. सावली दोन मीटर लांब, तिचं टोक माशाखालच्या बिंदूपासून आठ मीटरवर, मासा अडीच मीटर उंच. अडीच गुणिले दोन भागिले आठ. वस्तूची उंची साठ-बासष्ट सेंटिमीटर. मी म्हटलं, आडवा पडलेला दोनशे लिटरचा ड्रम. मामा म्हणाला, माझ्या तळ्यात ड्रम नाही. चहा झाला आणि मग त्याला आठवलं: पंप तरंगता ठेवायला बांधलेला पत्र्याचा ड्रम दोन पावसाळ्यांपूर्वी गंजून सुटला होता, तो समजत होता की कोणीतरी नेला. शेजारच्या वस्तीवरच्या एकाशी त्यावरून वर्षभर बोलणं बंद आहे. आता ड्रमपेक्षा त्याला तळ्याचा कागद फाटेल याची काळजी लागलीय.

गंगापूर धरणात हा मासा ओढून पाण्याखालचं गोदावरीचं जुनं पात्र बघायचं, असं तू तेव्हा म्हणायचीस. मी म्हणायचो, नदी काय बघायची, ती रामकुंडावर दिसते. तिथं बोट घालायला परवानगी लागेल. अर्ज मी लिहून ठेवलाय, पण त्यात यंत्राची माहिती हा रकाना आहे आणि तो तूच भर.

दिवाळीला येशील तेव्हा तुझा चांगला स्कोप बरोबर आण. डाव्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर भरून ठेवलाय, कागदासकट, पण वार्निश मारलेलं नाही. माझ्या छोट्या स्कोपवर तो घुमतोय. तरी तू बघ, आणि मग मी वार्निश मारतो.

तुझा,
अण्णा