फ्रिज नसलेल्या घरातील साठवण

महोदय,

स्वस्तातले धान्य एकदम भरून ठेवावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. मात्र फ्रिज नसलेल्या घरात काय टिकते आणि का, हे क्वचितच कोणी सांगते. पांढरा तांदूळ कोरड्या, हवाबंद डब्यात कित्येक वर्षे राहतो, पण अधिक पौष्टिक म्हणून घेतलेला बिनसडीचा तांदूळ कोंड्यातील तेलामुळे साधारण ६ ते १२ महिन्यांत खवट होतो. गव्हाच्या पिठाचेही तेच, म्हणून गहू अख्खा ठेवून लागेल तसा दळणे बरे. धान्यातील ओलावा १३-१४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला आयतेच रान मिळते. मी एकदा उन्हात वाळवलेली डाळ गरम असतानाच डब्यात भरली. दुसऱ्या दिवशी झाकणाला आतून पाण्याचे थेंब लागलेले होते आणि महिनाभरात वरचा थर कुबट झाला. वाळवण्याचा सारा खटाटोप तासाभराच्या घाईने मातीमोल! मीठ व साखर कोरडी राहिल्यास बिघडत नाहीत. तेलाला मात्र उजेड आणि उष्णता दोन्ही बाधतात. डब्यावर तारीख लिहून जुने आधी संपवावे, कारण फार जुने कडधान्य नासत नसले तरी रात्रभर भिजवूनही नीट शिजत नाही, आणि वाचवलेले पैसे इंधनात जातात.

– एक वाचक