आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: चाचणी संपली, माझे सांधे तसेच आहेत

माननीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

एका नव्या औषधाच्या चाचणीत मी भाग घेतला होता. मागच्या सोमवारी त्या ट्रायलच्या को-ऑर्डिनेटरचा फोन आला. "तुमचं शेवटचं इंजेक्शन झालं. पुढचा टप्पा कंपनीने बंद केलाय. येऊन राहिलेल्या सह्या करून जा." विषय संपला. संमतीपत्राच्या अकराव्या पानावर मात्र लिहिलं होतं, की औषध लागू पडलं तर चाचणीनंतरही ते चालू राहील. ते पान मी जपून ठेवलंय.

मला सोरायटिक आर्थ्रायटिस आहे, म्हणजे सोरायसिस या त्वचेच्या आजारासोबत येणारा संधिवात. आधी कोपरांवर खवले आले, मग सांधे धरले. उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत असं सुजलं की अंगठी कापून काढावी लागली. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नसे. ब्लाउजची हुकं मुलगी लावून द्यायची. टाच जमिनीला टेकवली की डोळ्यांत पाणी यायचं. या आजारात झिजलेलं हाड परत भरून येत नाही, म्हणून वाट बघत बसणं परवडत नाही.

तरीही पहिले 24 आठवडे मी वाट बघितली. टोचतात ते औषध की प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं नुसतं इंजेक्शन, मलाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही. दर भेटीला 68 सांधे दाबून कुठे दुखतंय ते विचारायचे, 66 सांध्यांची सूज बघायचे, नळ्या भरभरून रक्त घ्यायचे. एकही तारीख मी चुकवली नाही. नंतर सगळ्यांनाच खरं औषध सुरू झालं आणि तिसऱ्या महिन्यात मी माझी वेणी स्वतः घातली. ती वेणी आता पुन्हा सुटत चालली आहे, साहेब. बोट परत सुजलंय.

अशा चाचण्यांत 20 टक्के सुधारणा झाली की रुग्णाला फायदा झाला असं मोजतात. माझा फायदा कंपनीच्या तक्त्यात गेला, त्यावर ते औषधाला मंजुरी मागतील. मग मी कुठे गेले?

माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणाऱ्या, जागतिक वैद्यकीय संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या 2013च्या आवृत्तीत स्वच्छ लिहिलंय: औषधाचा गुण आला आणि ज्यांना ते अजून लागतंय, त्यांची नंतरची सोय चाचणीआधीच करून ठेवायची. प्रायोजकांनी, संशोधकांनी आणि सरकारांनीही. म्हणजे तुम्हीही. परवानगीचा शिक्का मारताना तुमच्या खात्याने हे विचारलं होतं का? चाचणीतल्या रुग्णांचं हित बघणाऱ्या एथिक्स कमिटीने अकरावं पान वाचलं होतं का? दुखणारं शरीर दिसलं की सगळ्या यंत्रणेला ते हवं असतं. काम झालं की फोन उचलायलाही कुणी नसतं. किती चाचण्यांचे निकाल दाबून ठेवले जातात, तेही एकदा तपासा. निकाल जाहीर करा असंही तोच जाहीरनामा सांगतो.

माझं मागणं एवढंच आहे: त्या चाचणीत ज्यांना गुण आला त्या सगळ्यांचं इंजेक्शन पुन्हा सुरू करायला लावा, आणि पुढची सोय लेखी दिल्याशिवाय नव्या चाचणीला परवानगी देऊ नका. मध्ये खंड पडला की हेच औषध पुन्हा तितकं लागू पडेल याची खात्री नसते, म्हणून उत्तर लवकर द्या.

राहिलेल्या सह्या मी केलेल्या नाहीत.

आपली,
चाचणीतली एक सहभागी