आजाऱ्याच्या उशाशी पत्रक नको

गेल्या आठवड्यात पुण्यातल्या एका रुग्णालयात नातेवाइकांसोबत होतो. शेजारच्या खाटेवर भोरकडच्या एक आजी होत्या, हाताला सलाईन. दोन तरुण आले, प्रार्थना केली आणि उशाशी ख्रिस्ती धर्मप्रसाराचं पत्रक ठेवून गेले. आजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "बाळा, औषधाचं बिल आहे का रे?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

धर्मप्रसाराचा हक्क राज्यघटनेच्या २५व्या कलमानं सगळ्यांना दिला आहे, त्याला माझा विरोध नाही. पण गरजेच्या वेळी गाठणं मला पटत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या केडगावात ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली, बालविधवा आणून सांभाळल्या. त्यांना छपाईचं काम शिकवलं आणि स्वतः हिब्रू, ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणलं. त्यांच्यावरही धर्मांतराची टीका झाली, ती सगळीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण त्या माणसांसोबत आयुष्यभर राहिल्या, पत्रक टाकून गेल्या नाहीत. महात्मा फुले पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि ख्रिस्ती झाले नाहीत. शाळेनं दिलेलं शिक्षण त्यामुळे वाया गेलं का?

आणि एक, ख्रिस्ती शेजाऱ्याला 'पैशासाठी बाटलेला' म्हणणंही थांबवा. पिढ्यान् पिढ्या इथेच राहणाऱ्या माणसांना ते फार लागतं.

रुग्णालयांनी वॉर्डात कोणत्याही धर्माची पत्रकं वाटण्यावर बंदी घालावी, अशी विनंती.

– एक वाचक, नाना पेठ, पुणे