ओठ मिटून म्हटलेलं स्वगत

चि. अनघास,

प्रवेशपरीक्षेसाठी हॅम्लेटचं स्वगत घेतलंस, तर तालमीला लागण्याआधी रशियन नट इनोकेन्ती स्मोक्तुनोव्स्कीचा हॅम्लेट बघ. ग्रिगोरी कोझिन्त्सेवचा १९६४चा कृष्णधवल चित्रपट. रशियनमध्येच बघ, खाली भाषांतर वाचावं लागलं तरी चालेल. डब केलेल्या प्रतीत त्याचा आवाज जातो, आणि अर्धा हॅम्लेट त्या आवाजातच आहे.

स्वगताच्या वेळी तो समुद्राकाठी खडकांतून चालतो. ओठ मिटलेले, शब्द नुसते ऐकू येतात. तू असंच करून बघ. स्वगत मोबाइलवर रेकॉर्ड कर, दर वाक्यानंतर तीन-चार सेकंद मोकळे सोड. मग ते लावून तोंड मिटून खोलीभर चाल. सुरुवातीला चेहरा शब्दांची चित्रं काढत बसेल. मरणाचा उल्लेख आला की भुवया आवळल्या जातील. पाठांतरामुळे पुढचं वाक्य आधीच माहीत असतं, म्हणून चेहरा विचाराच्या आधी धावतो. त्या मोकळ्या सेकंदांत पुढचा विचार खरोखर सुचू दे. नाहीच सुचला, तर थांब आणि तेवढाच तुकडा पुन्हा घे.

हे थांबणं स्मोक्तुनोव्स्कीला सहज मिळालेलं नाही. जन्म १९२५चा, सायबेरियातल्या तात्यानोव्का गावचा. १९४३मध्ये तो जर्मनांच्या हाती सापडला आणि निसटला. पण स्टालिनच्या राज्यात युद्धकैदी म्हणजे संशयित. म्हणून ध्रुववृत्तापलीकडचं नोरिल्स्क, मग मखाचकला, मग स्टालिनग्राद, अशा आडबाजूच्या नाटकमंडळ्यांत त्याची उमेदीची वर्षं गेली. एका युद्धपटात त्याचे डोळे पाहून नाट्यदिग्दर्शक तोव्स्तोनोगोव्हने त्याला लेनिनग्रादमध्ये दोस्तोयेव्हस्कीच्या 'इडियट'मधला प्रिन्स मिश्किन दिला. पहिला प्रयोग ३१ डिसेंबर १९५७ला झाला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. तू एकोणीसची आहेस, हे लक्षात असू दे.

हॅम्लेटनंतर रियाझानोव्हचा १९६६चा चित्रपट 'सावधान, मोटार!' बघ. त्यात तो देतोच्किन नावाचा विमा एजंट आहे. भ्रष्ट माणसांच्या गाड्या चोरून विकतो आणि पैसे अनाथाश्रमांना देतो. हाच माणूस हौशी नाटकात हॅम्लेट करतो, आणि त्याच्या मागावर असलेला पोलीस तपासनीस हॅम्लेटशी द्वंद्व करणारा लाएर्तीस! तिथे तो एकदाही हशा मागत नाही, स्वतःला पूर्ण गंभीरपणे घेतो. म्हणूनच हसू येतं आणि गलबलूनही येतं. पण क्रम उलटा करू नकोस, नाहीतर हॅम्लेटमध्ये तुला देतोच्किनच दिसत राहील.

रविवारपर्यंत रेकॉर्डिंग पाठव. मोकळी जागा सोडलेलंच पाठव.

तुझे,
बाबा