‘एक्स्ट्रा लेगरूम’ म्हणजे नेमके किती इंच?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळच्या तिकिटांची घाई सुरू झाली की सहा फूट तीन-चार इंच उंचीच्या प्रवाशांचा जुना प्रश्न पुन्हा वर येतो : विमानात गुडघे ठेवायचे कुठे? बुकिंगच्या शेवटच्या पानावर ‘एक्स्ट्रा लेगरूम’ म्हणून जादा पैसे मागतात, पण ती जागा किती इंच, हे तिथे बहुधा लिहिलेले नसते. म्हापशाच्या बाजारात वारभर कापड घेतले तरी दुकानदार गिऱ्हाइकासमोर मोजून देतो.

मुळात सीटच्या जागेसाठी वापरला जाणारा ‘पिच’ हा शब्द फसवा आहे. एका सीटवरच्या बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे पिच. आपल्या स्वस्त विमानांत ते साधारण 28 ते 30 इंच असते. त्यात पुढच्या सीटच्या पाठीची जाडीही धरलेली असते. अगदी पातळ पाठीची सीट असली तरी दीड-दोन इंच तिथेच गेले. म्हणून घरी एक मोजमाप करून ठेवावे. स्टूल भिंतीला लावून, पार्श्वभाग भिंतीला पूर्ण टेकवून ताठ बसावे आणि भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत टेप धरावी. 24 इंच भरले तर नेहमीची सीट चालेल. 25 भरले तर वाटेकडची सीट बघावी. 26 किंवा जास्त भरले तर 28 पिचच्या सीटचा नाद सोडावा. केवळ उंचीवरून अंदाज चुकतो, कारण कुणाची उंची धडात असते, कुणाची मांडीत.

जादा पैशांत मिळणाऱ्या जागा दोन प्रकारच्या. पहिल्या रांगेत पुढे सीट नसते, पण भिंत असते. गुडघे सुटतात, पाय लांब करता येत नाहीत. ट्रे आर्मरेस्टमध्ये दडवलेला असल्याने आर्मरेस्ट जाड आणि वर न उचलता येणारे, सीट अंगाला अरुंद. शिवाय पिशवी पायाशी ठेवता येत नाही. खूप लांब पायांच्या माणसाला पंखावरच्या आपत्कालीन दरवाजाची रांग सरस. एअरबस कंपनीच्या ए320 विमानामध्ये पंखावर अशा दोन रांगा लागोपाठ असतात, बऱ्याचदा 12 आणि 13. त्यांतली मागची घ्यावी. पुढच्या रांगेची पाठ मागे कलत नाही, कारण ती कलली तर मागच्या दरवाजाची वाट अडेल. म्हणजे मागच्या रांगेत बसणाऱ्याच्या गुडघ्यांवर कुणी रेलत नाही, आणि त्याची स्वतःची पाठ मात्र बहुतेक विमानांत कलते. खरा सापळा आहे दरवाजाच्या लगेच पुढची रांग, म्हणजे वरच्या हिशेबात 11. पाठ कलत नाही आणि पायांना एक इंचही जास्त नाही. सीटच्या नकाशात ती दरवाजाला चिकटून दिसते म्हणून लोक भुलतात.

दरवाजाच्या रांगेला अटी आहेत. 15 वर्षांखालील मूल, गर्भवती, कडेवर तान्हे असलेली व्यक्ती, कुबडी वापरणारा, सीटच्या पट्ट्याला जोडपट्टा लागणारा प्रवासी तिथे चालत नाही. कर्मचाऱ्याच्या सूचना समजून दरवाजा उघडण्याची तयारीही हवी. पैसे भरल्यावर अट आड आली तर सीट बदलतात आणि पैसे परत मिळतीलच असे नाही. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी तिथे पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत, हे वेगळेच.

आता खर्चाचे. पसंतीच्या सीटचे पैसे तिकिटापासून वेगळे घेण्याची मुभा डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) कंपन्यांना दिली आहे, पण ती सेवा घेणे ऐच्छिक आहे. हे पैसे प्रत्येक उड्डाणाला वेगळे लागतात. गोव्याहून मुंबईत विमान बदलून पुढे जाणाऱ्याला येण्याजाण्यात चार वेळा मोजावे लागतात. थेट विमानाचे भाडे थोडे चढे असले तरी सीट धरून अनेकदा तेच स्वस्त पडते. गोवा-मुंबई तासाभराच्या हवेसाठी पैसे घालवू नयेत, वाटेकडची साधी सीट पुरते. दिल्लीपर्यंत अडीच तास किंवा आखाती देशात जायचे तर घालावेत, आणि एकाच बाजूला परवडत असतील तर रात्रीच्या उड्डाणाला. वरच्या दर्जाचे भाडेही ताडून पाहावे. एअर इंडियाच्या नव्या मांडणीच्या ए320 निओमध्ये 8 बिझनेस, 24 प्रीमियम इकॉनॉमी आणि 132 इकॉनॉमी सीट आहेत, प्रीमियम इकॉनॉमीचे पिच 32 इंच. सामान, जेवण आणि दरवाजाची सीट वेगवेगळी घेतल्यावर कधी कधी बेरीज तिथपर्यंत पोचते.

फुकट मिळण्याचीही शक्यता असते. वेब चेक-इन बहुतेक कंपन्यांकडे 48 तास आधी उघडते. तेव्हा नकाशा पाहून ठेवावा. दरवाजाच्या रांगा रिकाम्या दिसल्या तर गोव्यातला मोपा विमानतळ असो की दाबोळी, काउंटरवर लवकर जाऊन नम्रपणे विचारावे. पावसाळ्याच्या आडदिवसांत हे जमून जाते. चतुर्थीला आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आशा धरू नये.

साधीच सीट मिळाली तर वाटेकडची, आणि तीही पाय बघून. डावीकडच्या तीन सीटांत सी, उजवीकडच्यांत डी वाटेला लागून असते. सी वर उजवा पाय वाटेत येतो, डी वर डावा. ज्या गुडघ्याची तक्रार जास्त, तो वाटेकडे यावा. ट्रॉली आली की पाय आत घ्यायचा, नाहीतर नडगीला प्रसाद ठरलेला. वाटेकडच्या आर्मरेस्टच्या खाली, मागच्या बिजागरीजवळ, बऱ्याच विमानांत छोटी कळ असते. ती दाबली की आर्मरेस्ट वर जातो. पिशवी वरच्या कप्प्यात टाकावी, पुढच्या खिशातली बाटली काढावी.

एटीआर या छोट्या, पंख्यांच्या विमानाची आतली उंचीच 1.91 मीटर, म्हणजे सहा फूट तीन इंच. तिथे उभे राहताना डोके सांभाळावे. बुकिंग करतानाच विमानाचा प्रकार पाहावा, कारण आयत्या वेळी विमान बदलले की रांगांचे क्रमांकही बदलतात आणि पैसे भरलेली 13 क्रमांकाची रांग साधी निघू शकते. सीटची पावती जपून ठेवावी, बोर्डिंग पासचा फोटो काढावा, परतावा लेखी मागावा. दाद मिळाली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे एअरसेवा पोर्टल आहे.

हा फक्त आरामाचा विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 सालच्या अहवालानुसार चार तासांहून जास्त वेळ न हलता बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि 1.90 मीटरहून उंच माणसांना तो अधिक असतो. तरीही उंचीसाठी सहसा कुणी सवलत देत नाही.

सवलत नको, निदान माप द्या. ब्रिटनच्या विमान प्राधिकरणाने 1989 साली सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटपर्यंत किमान 26 इंच अंतर सक्तीचे केले होते, म्हणजे हे अंतर मोजता येते आणि कागदावर आणता येते. डीजीसीएने एवढेच सांगावे की सीटच्या नकाशावर बोट ठेवले की किंमतीशेजारी हा आकडा दिसला पाहिजे, आणि विमान बदलल्यामुळे तो कमी झाला तर सीटचे पैसे न मागता परत जमा झाले पाहिजेत.

आपला,
तिकीट बुकिंग व्यवसायातील एक वाचक,
म्हापसा, गोवा